घर पाहायला आलेली कमिटी

विद्येच्या वाटेत दारिद्र्य आडवे येऊ शकत नाही. हे वाक्य नंदुरबारच्या दाखूबाई विद्या फंडाच्या दारावर संगमरवरात कोरलेले होते, आणि संगमरवराचा खर्च फंडातून झाला होता. त्यामुळे पहिल्या वर्षी कोणालाच शिष्यवृत्ती देता आली नाही.

फंड उमेदमल शेठनी आपल्या आईच्या नावाने काढला होता. तांब्यापितळेच्या भांड्यांचे त्यांचे दुकान तालुक्यात सर्वांत मोठे. दाखूबाईंना स्वतःला अक्षरओळख नव्हती, आणि मुलाने शाळेत जाऊन डोळे बिघडवू नयेत असे त्यांचे शेवटपर्यंत मत होते. पण फंडाला नाव आईचेच शोभते, आणि त्या आता हरकत घेण्याच्या स्थितीत नव्हत्या. कमिटीत तिघे होते. शेठजी अध्यक्ष, त्यांचा मुलगा पुखराज चिटणीस आणि हायस्कूलचे हेडमास्तर तज्ज्ञ म्हणून. तिघांचे नेहमी एकमत होई. पुखराजचे मत शेठजींच्या दुकानात तयार होत असे, आणि हेडमास्तरांच्या शाळेची घंटा शेठजींनी दिलेली होती.

नियमाप्रमाणे शिष्यवृत्ती गरीब, होतकरू व सद्वर्तनी विद्यार्थ्यास मिळायची. होतकरूपणा मार्कांवरून कळे. सद्वर्तनाचा दाखला हेडमास्तर देत. जी मुले त्यांना आठवत नसत त्यांना तो लगेच मिळे. अडचण होती ती गरिबीची. दुसऱ्या वर्षी जो गरीब विद्यार्थी फंडाने पुण्याला पाठवला तो दिवाळीच्या सुट्टीत ग्रामोफोन घेऊन आला. चौकशीत त्याच्या वडिलांचा एका जिनिंग कारखान्यात चार आणे, म्हणजे पाव, हिस्सा निघाला. गरिबीचा दाखला मात्र अस्सल होता, शिक्क्यासकट. तेव्हा कमिटीने नवा नियम केला. यापुढे कागदावर विश्वास न ठेवता कमिटीने स्वतः अर्जदाराच्या घरी जावे, घरची परिस्थिती डोळ्यांनी पाहावी, आणि मगच निर्णय घ्यावा. नियम हेडमास्तरांनी लिहिला. तो इतका चांगला उतरला की शेठजींनी तो दोनदा वाचायला लावला.

हे झाले सन १९३८च्या मे महिन्यात. जूनमध्ये मॅट्रिकचा निकाल लागला आणि करजखेड्याचा मगन चुडामण शाळेत पहिला आला.

करजखेडे तापीच्या काठावर. मगनचा बाप चुडामण तिथल्या जुन्या जमीनदार घरातला. जमीन त्याच्या नावावर अजूनही होती, फक्त ती आता पाण्याखाली होती. एका मोठ्या पुरात तापीने जुना काठ सोडून थोडे आत यायचे ठरवले, आणि तेव्हापासून चुडामणच्या मळ्यावरून नावा जात. सरकारी दप्तराला नदी सरकल्याचे अजून कळले नव्हते. तेव्हा कागदावर जमीनदार आणि प्रत्यक्षात दोधू पाटलाची शेती बटाईने करणारा, असा तो दोन्हीकडून अडकलेला माणूस होता. मगन नंदुरबारला धर्मशाळेच्या ओसरीत राहून शिकला. आठवड्याच्या भाकरी आई सोमवारी बांधून देई. गुरुवारनंतर त्या भाकरी गरिबीचा पुरावा म्हणून कोणत्याही कमिटीपुढे ठेवता आल्या असत्या. पण तशी तरतूद नियमात नव्हती.

मगनला कॉलेजात जायचे होते. पुण्याच्या एका कॉलेजाचे माहितीपत्रक त्याने टपालाने मागवले होते. त्यात गरीब विद्यार्थ्यांसाठी एक पूर्ण पान दिलेले होते. गरीब विद्यार्थ्यास फी माफ होई. माफीचा अर्ज करण्यास अर्जदार कॉलेजचा विद्यार्थी असणे आवश्यक होते. कॉलेजचा विद्यार्थी होण्यास पहिल्या सहामाहीची फी आगाऊ भरणे आवश्यक होते. म्हणजे आधी फी भरायची आणि मग ती भरण्याची आपली ऐपत नाही असे प्राचार्यांना लिहून कळवायचे. मगनने ते पान वाचून पाठ केले होते, आणि त्यात त्याला चूक सापडली नव्हती. एवढेच समजले होते की पहिली सहामाही कोणीतरी पार करून दिली तर पुढचे आपल्या मार्कांवर सोपवता येईल. नाही तर काहीच नाही. म्हणून त्याने दाखूबाई फंडाकडे अर्ज केला, आणि आठवड्याने पुखराजच्या वळणदार अक्षरातले कार्ड आले: येत्या रविवारी कमिटी आपल्या घरची परिस्थिती पाहण्यास येत आहे.

कार्ड दोधू पाटलाच्या ओट्यावर वाचले गेले, कारण करजखेड्यात आलेले प्रत्येक कार्ड आधी तिथेच वाचले जाई.

"कोन कोन येई ऱ्हायना?" पाटलाने विचारले.

"शेठजी, त्यासना पोऱ्या आनि आमना हेडमास्तर," मगन म्हणाला.

"आनि काय दखतीन?"

"घर. आपली परिस्थिती."

"मंग तसं सांग ना," पाटील म्हणाला आणि पागोटे नीट करून बसला. आता हा विषय त्याच्या अखत्यारीतला झाला होता.

याचे कारण असे. करजखेड्यात बाहेरची माणसे घर पाहायला येत ती एकाच कामासाठी. मुलीकडचे लोक मुलाचे घर पाहायला येत. त्या दिवशी मुलाचे घर हे एकट्याचे घर नसे. ज्याच्याकडे जे चांगले ते तिकडे जाई. एकाची बैलजोडी, दुसऱ्याची गादी, तिसऱ्याचे घड्याळ. स्वयंपाकघरात साऱ्या गल्लीची पितळ चमके. याला कोणी खोटे म्हणत नसे. आलेली माणसेही आपल्या गावी हेच करून आलेली असत, त्यामुळे फसत कोणीच नसे. भांडी कोणाची हे पाहायचे नसतेच. ती आली की नाही, एवढेच पाहायचे असते. ज्याच्या दारी गाव ताट घेऊन येते त्याच्या घरात मुलगी उपाशी राहत नाही, असा त्याचा अर्थ. संध्याकाळी पाहुणे गेले की ज्याचे त्याचे सामान घरी जाई, आणि सोयरीक जमे.

"आबा, ह्या सोयरीकले येत नहीत," मगन म्हणाला. "आपन गरीब शेतस का नही, हाई दखाले येई ऱ्हायनात."

"येवोत ना. आपन कसाले सांगानं?"

ओट्यावरचे चारपाच जण हसले.

"आपन गरीब दिसनूत तवयच पैसा भेटी, आबा. तसा नियम शे."

पाटलाने त्याच्याकडे मायेने पाहिले. पोरगा हुशार होता, पण शहरात राहून जरा भोळा झाला होता. "मगन, तू शिकेल शेस. मी एक इचारस, सांग. तुन्हा बाप मन्हाकडे बैल मांगाले उना आनि मी दखं का त्याना घरमा काहीच नही, त मी त्याले बैल देसू का?"

"नही."

"मंग शेठ त वानी शे. तो मन्हापेक्षा येडा शे का? रिकामा घरमा कोन काय टाकस?"

याचे उत्तर हेडमास्तरांपाशी होते, पण ते नंदुरबारला होते.

"आनि गावनं नाव?" मागून कोणीतरी बोलला. "करजखेडामा भिकारी ऱ्हातस, असं सकाय बठ्ठा बजारमा व्हई."

"चुडामण, तू काय म्हनस?" पाटलाने विचारले.

चुडामण पाटलाचे शेत करत होता. तो म्हणाला, "तुम्ही म्हनतस तेच बरं."

मगनची आई दगूबाई ओट्याखाली उभी होती. ती म्हणाली, "पोऱ्याले इचारा ना. जानं त्याले शे." तिचे म्हणणे सर्वांनी ऐकले, आणि त्यानंतर गादी कोणाची आणायची यावर बोलणे सुरू झाले.

रविवारी सकाळी दगूबाईच्या दोन खणांच्या घरात गाव शिरले. पाटलाची बायको फुलवंताबाई हंडा आणि ताटे घेऊन आली. जमनाबाईने घागरी आणल्या, रूपलीबाईने वाट्या आणि पितळी परात. कोपऱ्यातली मातीची मडकी उचलून मागच्या कुडाआड ठेवली गेली. बाहेर पाटलाची बैलजोडी बांधली. बैलांनी मात्र दिवसभर पाटलाच्या घराकडे तोंड करून उभे राहण्याचा हट्ट सोडला नाही. ओसरीत गादी, गादीवर लोड, आणि भिंतीवर सोनाराकडचे घड्याळ आले. ते बंद होते, पण लांबून दिसायला चांगले दिसत होते.

फुलवंताबाईने आपल्या पाटल्या काढून दगूबाईच्या हातात घातल्या. दगूबाईचा हात बारीक. पाटल्या कोपरापर्यंत जात आणि परत येत.

"दगू, हात वर धर, माय. नहीत मन्ह्या पाटल्या रसमा पडतीन."

"पडन्यात त गोड व्हतीन," दगूबाई म्हणाली.

"आनि तू गियी लेशी, माले ठाऊक शे."

बायका हसल्या. दगूबाईही हसली. मग तिने पाटल्या कापडाने वर बांधल्या आणि आंबे पिळायला बसली. चुलीवर उलटे खापर चढले, आणि फुलवंताबाईने हातावर पुरणाचा मांडा पसरायला घेतला. मांडा रुमालासारखा वाढत गेला. या बाबतीत करजखेड्याची कीर्ती खरी होती.

मगन भांडी लावत होता. तेव्हा त्याच्या ध्यानात आले की प्रत्येक भांड्यावर नाव आहे. लग्नात आलेले भांडे नाव घातल्याशिवाय वापरात आणत नाहीत. ठोकणारा खिळ्याने टिंब टिंब काढून काठावर मालकिणीचे नाव उठवतो. गावात ती नावे कोणी वाचत नसे. बायका आपले भांडे पोच्यावरून ओळखत. मगनने एकेक घागर फिरवून नाव भिंतीकडे केले. हंडा फिरवला. परातीचे नाव पिठाखाली गेले. ताटांचे काय करायचे ते त्याला कळले नाही, कारण ताटाला मागची बाजू नसते.

आईच्या नावाचे भांडे त्यात एकही नव्हते. होता तो एक पोचा आलेला तांब्या, दाराशी हात धुवायला ठेवलेला. तो कोणी उचलला नव्हता, कारण तो कोणाच्या नजरेतच आला नव्हता.

कमिटी दोन बैलांच्या दमणीतून आली. नंदुरबारपासून धूळ खात येऊन तिघांचे चेहरे एकाच रंगाचे झाले होते. हेडमास्तर खाली उतरले, बैलजोडी पाहिली, गादी पाहिली, घड्याळ पाहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर दुःख पसरले. त्यांचा पहिला आलेला विद्यार्थी खोटा ठरत होता. नियम त्यांनी स्वतः लिहिलेला होता.

"मगन," ते हळू म्हणाले, "हे सगळं तुमचंच का?"

मगनने तोंड उघडले. दोधू पाटील त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. ओसरीभर गाव बसले होते. ज्याचे जे होते ते समोरच होते, आणि ज्याचे होते तो मगनकडे पाहत होता. हे आमचे नाही, असे म्हणणे म्हणजे या सर्वांना पाहुण्यांसमोर परत पाठवणे होते. त्याने तोंड मिटले.

"आमनं म्हंजे त्यासनंच," पाटील म्हणाला. "बठा, साहेब."

हेडमास्तर सुधारक मतांचे होते, आणि मांडे समोर आल्यावर ती मते अधिकच दृढ झाली. पुखराज चिटणीस या नात्याने बोलत नव्हता. तो जेवत होता. शेठजी मात्र बाहेर अन्न घेत नसत. त्यांनी फक्त वाटीभर रस घेतला. त्यामुळे बाकीचे जेवत असताना त्यांना पाहायला भरपूर वेळ मिळाला.

आणि ते भांडी पाहत होते. दुसरे काय पाहणार? चाळीस वर्षे त्यांनी तेच विकले होते. त्यांनी रसाची वाटी उचलली, बोटाने फिरवली, तिच्या कडेवर नजर टाकली आणि खाली ठेवली. पुखराजच्या ताटातला मांडा संपत आला तसतशी ताटाच्या काठावरची अक्षरे वर येत होती. शेठजी मान वाकडी करून ती वाचत होते. गिऱ्हाइकांशी ते अहिराणी बोलत. त्याच बोलीत त्यांनी चुलीकडे पाहून विचारले, "बाई, तुम्हनं नाव काय?"

घरधनिणीने पदर पुढे ओढला, तशा कापडाने वर बांधलेल्या पाटल्या दिसल्या. फुलवंताबाई म्हणाली, "दगूबाई शे तिनं नाव."

"आनि तुम्हनं?"

"मन्हं फुलवंताबाई."

शेठजींनी पुखराजच्या ताटाकडे पाहिले आणि मान हलवली, जणू ही ओळख आधीच झालेली होती. मग त्यांनी घागरींकडे पाहिले. साऱ्या घागरी भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. चाळीस वर्षांत नाव मागे करून मांडलेली उतरंड त्यांनी पाहिली नव्हती. ज्याचे भांडे असते तो नाव पुढे करतो.

जेवण झाले. शेठजी हात धुवायला दाराशी आले. मगनने तांब्या उचलून पाणी घातले. शेठजींनी हात पुसले आणि तांब्या त्याच्या हातातून घेतला. अंगठ्याने पोचा चाचपला, मग अक्षरे. दगूबाई. त्यांनी तो तळहातावर तोलला. दुकानदाराच्या हाताला ती सवय असते. ते मगनकडे पाहत राहिले. मगनही त्यांच्याकडे पाहत राहिला.

"जपून ठेव," शेठजी म्हणाले आणि तांब्या परत दिला.

मगनला वाटले, सुटलो. गावाला लाज वाटणार नाही अशा रीतीने खरे कळले होते, आणि कळायला हवे त्यालाच कळले होते. दमणी वळणाआड जाईपर्यंत तो रस्त्यावर उभा होता. परत येऊन त्याने आईला सांगितले, "शेठजीले कळनं, माय. व्हई काम." दगूबाई पाटल्या सोडत होती. तिने त्या कपाळाला लावल्या आणि फुलवंताबाईला परत दिल्या.

कमिटीची सभा दमणीतच भरली. तिघेही हजर होते आणि वाट लांब होती.

"वाईट वाटतं," हेडमास्तर म्हणाले. "पण डोळ्यांनी पाहिल्यावर इलाज नाही. ते घर गरीब नाही."

"मास्तर," शेठजी म्हणाले, "त्या घरातलं एकही भांडं त्यांचं नाही. तांब्या तेवढा आहे. तो मीच विकलेला, सगळ्यांत हलका माल."

हेडमास्तरांनी मान वळवून मागच्या रस्त्याकडे पाहिले. "म्हणजे ते गरीब आहेत."

"पुरते."

"पण मग शेठजी, दुसराच प्रश्न येतो. मुलानं आपल्याला फसवलं. मी त्याला स्पष्ट विचारलं, तो गप्प राहिला. मग सद्वर्तनाचं काय? भांडी त्याची असतील तर तो गरीब नाही, आणि नसतील तर सद्वर्तनी नाही. नियमात दोन्ही पाहिजेत."

यावर पुखराज पहिल्यांदा बोलला. तो म्हणाला की मांडे फार चांगले होते आणि मुलाला देऊन टाकावे. दोघांनीही त्याच्याकडे असे पाहिले की हे वाक्य इतिवृत्तात घेऊ नये हे त्याचे त्यालाच समजले.

"फसवलं वगैरे काही नाही," शेठजी म्हणाले. "मी तीन मुली दिल्या आहेत. आम्हीही घरं पाहिली. तुमच्या लोकांत कशी रीत आहे मला माहीत नाही, पण इथे ती फसवणूक नसते. त्या माणसासाठी गाव घरातली पितळ उचलून आलं. पाटलीण स्वतः चुलीपुढे बसली होती. तिनं मांडे भाजले, मास्तर, दुसऱ्याच्या पोरासाठी. अशा घरात मुलगी द्यायची असती तर मी तिथल्या तिथे दिली असती."

"मग शिष्यवृत्ती द्यावी, असं आपलं मत?"

शेठजी विचार करत होते, आणि प्रामाणिकपणे करत होते. मगनच्या दुर्दैवाने ते प्रामाणिक गृहस्थ होते.

"तेच तर जमत नाही ना," ते म्हणाले. "दुकानात बसून मी गरीब एकच ओळखायला शिकलो. ज्याला कोणी काही देत नाही, तो गरीब. हातात पैसा नाही असे खूप असतात. नवा माल भरला की मलाही नसतो. पण ज्याच्या नावावर गाव हंडा देतं, ताट देतं, बायकोच्या हातातल्या पाटल्या काढून देतं, त्याला गरीब म्हणू कसा? त्याची पत माझ्याहून मोठी आहे. उद्या मला शंभर ताटं लागली तर मला ती विकत घ्यावी लागतील. आईच्या नावाचा पैसा आहे, मास्तर. ज्याला कोणीच नाही त्याच्यासाठी तो ठेवला पाहिजे."

हेडमास्तरांना हा विचार नवा होता आणि फार उदात्त वाटला. शिवाय निर्णय तोच निघत होता. ठराव सर्वानुमते मंजूर झाला, तेव्हा नंदुरबारचे स्टेशन दिसू लागले होते.

कार्ड बुधवारी आले आणि ओट्यावर वाचले गेले. मगनच वाचत होता. "कमिटीने आपल्या घरी समक्ष येऊन पाहणी केली. आपले कुटुंब सद्वर्तनी असून गावात आपली पत उत्तम असल्याचे पाहून कमिटीस अत्यंत समाधान वाटले. सबब फंडाच्या मदतीची आपणास आवश्यकता नाही."

"पत उत्तम," दोधू पाटील म्हणाला. "परत वाच."

मगनने परत वाचले. ओट्यावर आनंद पसरला. नंदुरबारच्या सर्वांत मोठ्या शेठने लिहून दिले होते, शाईने. कोणी म्हणाले हे कार्ड चौकटीत लावायला हवे. रूपलीबाई म्हणाली, तिने परात घासली होती तेव्हाच तिला वाटले होते.

दगूबाई ओट्याखाली उभी होती. तिने विचारले, "मंग पोऱ्या कवय जाई?"

ओट्यावरचे सगळे मगनकडे पाहू लागले.

"मगन, कवय जानं शे तुले?" तिने पुन्हा विचारले.

"नही जानं, माय," मगन म्हणाला. "आपलाले गरज नही, असं लिखेल शे."

पाटलाने घसा साफ केला. तो वाईट माणूस नव्हता. त्याने विचार केला आणि म्हणाला, "गावनी वर्गणी करी ऱ्हायतूत त..." आणि तिथेच थांबला. लोक आपापल्या पायांकडे पाहत होते.

शेवटी फुलवंताबाईनेच ते बोलून टाकले. "ताट देवानं येगळं, दगू. ताट संध्याकाये घासीसन घर येस. पुनाले गयेल पैसा कोन घासी?"

दगूबाईने मान हलवली. तिला ते पटले, कारण तिनेही हेच म्हटले असते. ती घरी गेली, कुडामागची मडकी उचलून आणली आणि जागच्या जागी लावली. मगनने माहितीपत्रक बरेच दिवस ठेवले होते. नंतर पावसाळ्यात चूल पेटवायला कोरडा कागद लागला.

श्रावणात शेठजींनी निरोप पाठवला. मुलाचा विसर त्यांना पडला नव्हता. दुकानात नावे घालणारा म्हातारा डोळ्यांनी अधू झाला होता, आणि मगनचे अक्षर चांगले असल्याचे त्यांनी अर्जावर पाहिले होते. मगन गेला. दुकानाच्या पायरीवर बसून, मांडीवर हंडा आडवा धरून, खिळ्याने टिंबे उठवत तो लग्न ठरलेल्या मुलींची नावे घालू लागला. मॅट्रिकला पहिला आलेला असल्यामुळे त्याच्या हातून ऱ्हस्वदीर्घाची चूक होत नसे, आणि गिऱ्हाइकांना ते कळत नसे. पहिल्या वर्षाच्या शेवटी त्याने आईसाठी एक ताट घेतले, चांगल्या वजनाचे, आणि त्यावर दगूबाई असे घातले. ते ताट घरी फारसे राहत नाही. करजखेड्यात कोणाचे घर पाहायला आले की तिकडे जाते, आणि संध्याकाळी घासून परत येते.

फंडाचा त्या वर्षीचा छापील अहवाल अजून पाहायला मिळतो. शिष्यवृत्तीची रक्कम शिल्लक राहिल्याने तिच्यातून दारावरच्या पाटीची अक्षरे सोनेरी करून घेतली, असे त्यात म्हटले आहे. योग्य विद्यार्थ्यांची निवड करताना कमिटीने घेतलेल्या कष्टांबद्दल दोन परिच्छेद आहेत.

त्या वर्षी अर्ज एकच आला होता.